पुढचं डांगर

पप्पांनी विचारलं तेव्हा मी खड्डा खणत होते. हातात काम असलं की माझ्या तोंडून उत्तर पटकन निघून जातं. एरवी तसं होत नाही.

"केवढा होणार म्हणे हा भोपळा?"

"एका माणसाला उचलता येणार नाही एवढा."

पप्पा पायरीवर बसून बूट घालत होते. ते नवी पेठेत कापडाच्या दुकानात असतात, दहाला घरातून निघतात. त्यांनी नाडी बांधता बांधता वर बघितलं. "एका माणसाला म्हणजे कुणाला? मला, का तुझ्या आईला?"

आमच्या घरात हा फरक मोठा आहे. पप्पांची पाठ जुनी दुखरी. भरलेला सिलेंडर गेटपासून स्वयंपाकघरापर्यंत आई एकटी आणते. ज्वारीचं अर्धं पोतं तिनं कडेवर मूल घ्यावं तसं घेऊन गच्चीवर नेलेलं मी पाहिलं आहे.

"आईला," मी म्हटलं.

"मग बघायलाच पाहिजे," म्हणून ते गेले. स्वयंपाकघराच्या खिडकीतून आईचा आवाज आला, "मला काय ऐकू येत न्हाय व्हय?"

झालं एवढंच. पण मी काही ठरवलं तर ते सहसा कुणाला सांगत नाही. सांगितलं नाही की फसलं तरी कुणाला कळत नाही. या वेळी मी बोलून बसले होते, आणि ऐकणारी दोघं रोज जेवताना समोर असणारी होती. तेव्हा ते फळ आईला उचलणार नाही इतकं मोठं व्हायलाच हवं होतं. दुसरं कसलं बक्षीस त्यात नव्हतं.

मी घरून काम करते. कंपनी पुण्याची आहे. लॅपटॉपवर दुसऱ्यांनी लिहिलेलं वाचायचं आणि चुका काढायच्या, असं ते काम. त्यात माझं स्वतःचं म्हणून काही तयार होत नाही. मध्ये डोळ्यांना विश्रांती म्हणून मी परदेशातल्या लोकांचे व्हिडिओ बघायचे. परसात राक्षसी भोपळे वाढवणारी ती माणसं. एक म्हातारा आपल्या भोपळ्याला टेकून उभा राहिला होता आणि भोपळा त्याच्या छातीपर्यंत येत होता. तो फारसं बोलत नव्हता. मला तो आवडला.

घराच्या बाजूला आमची जागा आहे, गाडी घेतली तर लावायला म्हणून ठेवलेली. गाडी घेतली नाही. तिथे बिल्डरनं टाकलेला मुरूम होता, त्यात तुळससुद्धा रडतखडत यायची. आईनं खड्डा बघितला आणि म्हणाली, "मुरमात डांगर येतंय व्हय? माती पाहिजे." भोपळ्याला तिच्या माहेरी, मंगळवेढ्याकडे, डांगर म्हणतात. चार दिवसांनी मामाच्या टेंपोतून काळ्या मातीची बारा पोती आली, वर शेणखताची पाच, आणि न सांगता कडब्याची एक पेंढी. मी मागितलं नव्हतं. आईनं फोन केला होता, तोही माझ्यासमोर नाही.

बिया कुरिअरने मागवल्या होत्या, तीनच. बदामापेक्षा मोठ्या आणि टणक. त्यांच्या कडा कानशीनं किंचित घासायच्या, रात्रभर भिजवायच्या आणि ओल्या फडक्यात बांधून उबेला ठेवायच्या, असं व्हिडिओत होतं. आमच्याकडे मटकीला मोड आणायची पद्धत हीच आहे, त्यामुळे आईला त्यात नवल वाटलं नाही. तिनं ती पुरचुंडी मटकीच्या पुरचुंडीशेजारी ठेवली. मटकीला दुसऱ्या दिवशी मोड आले. माझ्या बियांपैकी एक कुजली, एक तशीच राहिली, एक पाचव्या दिवशी उघडली. ऑगस्ट संपत आला होता.

त्या एका बीपासून जो वेल निघाला तो बघताना मला थोडी भीती वाटायची. सकाळी लॅपटॉप उघडण्याआधी शेंड्याजवळ काडी रोवायची आणि संध्याकाळी बघायचं, तर शेंडा काडीच्या हातभर पुढे. पानं पत्रावळीपेक्षा मोठी. वेलाला जिथे जिथे पेर येतं तिथे माती टाकून ते झाकायचं, म्हणजे तिथेही मुळं फुटतात. हे मी रोज करायचे. आई खिडकीतून बघायची आणि म्हणायची, "पाय पुरायलीस व्हय त्याचे?"

पाण्याचा प्रश्न होता. नळाला पाणी चार दिवसांआड येतं. "माणसाला चार दिवसांनी आणि डांगराला रोज," आई म्हणाली. तरी तांदूळ धुतलेलं, भाजी धुतलेलं, सगळं पाणी ती एका बादलीत साठवू लागली. बादली दाराशी ठेवायची आणि काही बोलायची नाही. मीही काही बोलायचे नाही. आमच्या दोघींचं बरंचसं असंच चालतं. ती तिच्या गावच्या मराठीत विचार करते, मी बऱ्याचदा इंग्रजीत, आणि मध्ये जे उरतं त्यात बादल्या वगैरे असतात.

फुलं आली तेव्हा शेजारच्या काकूंना शोध लागला. काकू अक्कलकोटच्या, निम्म्या कानडीत बोलणाऱ्या, आणि आमच्या कंपाउंडच्या भिंतीवर हात ठेवून उभं राहणं हे त्यांचं सकाळचं पहिलं काम. मादी फूल उमललं की ऊन चढायच्या आत नर फूल तोडायचं, त्याच्या पाकळ्या काढायच्या आणि आतला दांडा मादी फुलात फिरवायचा. मधमाशीवर विसंबायचं नाही. मी सात वाजता गुडघ्यावर बसून हे करत होते.

"यप्पा! काय चाललंय गं?"

मला सांगता येईना. फुलाचे भाग मी शाळेत इंग्रजीत शिकले होते. 'स्टिग्मा'ला मराठीत काय म्हणतात ते मला येत नव्हतं. आणि आलं असतं तरी ते सकाळी सात वाजता भिंतीवरून मोठ्यानं सांगायला मी धजावले नसते. मी म्हटलं, "पॉलिनेशन."

"म्हंजे?"

आई मागून पदराला हात पुसत आली. "लग्न लावायलीय डांगराचं."

काकू भिंतीवर डोकं टेकून हसल्या. "कुंबळकाईचं लग्न! अगं, आधी तुझं तर लाव की. अक्षता आणू का?"

"आणा," आई म्हणाली. "नवरा सापडला हाय, नर फूल."

मी काम पुरं केलं, फूल दोऱ्यानं बांधलं आणि आत गेले. दोघी बराच वेळ हसत होत्या. माझी हरकत नव्हती. त्या हसत असल्या की मला कुणी काही विचारत नाही.

फुलामागे लिंबाएवढं फळ दिसू लागलं त्या दिवशी मी ते काकूंना दाखवायला हात वर केला. काकूंनी भिंतीपलीकडून "ए ए ए!" केलं आणि आईनं माझं मनगट धरलं. कवळ्या फळाकडे बोट दाखवायचं नाही. दाखवलं की ते सडतं, गळतं. दाखवायचंच असलं तर बोट वाकवायचं आणि पेरानं दाखवायचं. हे मला लहानपणी कधीतरी सांगितलेलं असणार, पण तेव्हा आम्ही फ्लॅटमध्ये राहायचो आणि तिथे कवळी फळं नव्हती.

"असं काही नसतं," मी म्हटलं.

"नसंल," आई म्हणाली. "पण एकच वेल हाय की न्हाय तुझा?"

हा मुद्दा बिनतोड होता. मी बोट वाकवलं.

ऑक्टोबरच्या शेवटी वेलावर चार फळं धरली. आता खरं अवघड काम होतं. चारांतलं एकच ठेवायचं आणि बाकीची काढून टाकायची, म्हणजे सगळा वेल त्या एकासाठी राबतो. आईला हे पटत नव्हतं. धरलेलं फळ कुणी काढतं का, असं तिचं म्हणणं. पण चार लहान डांगरांतलं प्रत्येक ती एका हातानं उचलेल, हे तिलाही माहीत होतं. ती म्हणाली, "तुजं तू बघ."

मी रोज चारही फळांचा घेर शिवणाच्या टेपनं मोजत होते आणि वहीत लिहीत होते. एक अगदी बुडख्याजवळ होतं, हातभर अंतरावर. ते ठेवू नये असं सगळे सांगतात, कारण फळ फुगताना वेलाला वर उचलतं आणि बुडखा मुळापासून सुटायला येतो. त्याच सरळ रेषेत, आठ-नऊ फूट पलीकडे, दुसरं होतं. ते उत्तम होतं. रोज सगळ्यांत जास्त वाढत होतं, आकार गोल, देठ जाड. उरलेली दोन आडफांद्यांवर होती. दुसऱ्याबद्दल माझ्या मनात शंका नव्हती. पण फळ नारळाएवढं होईपर्यंत थांबावं, आधी कधीही गळू शकतं, म्हणून मी थांबले होते.

आणि तेवढ्यात कंपनीनं सगळ्यांना चार दिवस पुण्याला बोलावलं.

निघायच्या सकाळी रिक्षा दारात उभी होती. माझ्या खांद्याला लॅपटॉपची बॅग, हातात दुसरी. आई पायरीवर होती, मी तिच्या शेजारी. मी म्हटलं, "परवा बाकीची तीन काढून टाकशील?"

"ठेवायचं कुटलं?"

माझा हात वर गेला आणि आईनं माझ्याकडे बघितलं. मी बोट वाकवलं. बॅगेमुळे हात धड उचलत नव्हता, त्यामुळे पेरापेक्षा कोपरच जास्त हललं असावं. "ते," मी म्हटलं, "ते पुढचं."

"पुढचं ना? बरं. जा, रिक्षावाला हॉर्न मारायलाय."

पुण्यात तिसऱ्या दिवशी आईचा फोन आला. "काढली गं तीन. पुढचं ठेवलंय. काळजी करू नगंस."

मी तिला थँक यू म्हटलं. ती म्हणाली, "असू दे."

परत आले तेव्हा दुपार होती. बॅग न ठेवता आधी बाजूच्या जागेत गेले. वेलाच्या मध्यावर, जिथे माझं फळ होतं, तिथे कापलेला देठ होता. स्वच्छ कापलेला, विळ्यानं. बुडख्याजवळचं फळ मात्र कडब्याच्या गादीवर नीट बसवलेलं होतं. त्यावर उन्हासाठी जुन्या साडीचा आडोसाही केला होता.

आई मागे येऊन उभी राहिली. "बघ, कसं बसवलंय."

"हे नाही," मी म्हटलं. "मी पुढचं म्हटलं होतं."

"पुढचंच हाय की." तिनं पायरीकडे हात केला. "तितनं बघ. पुढचं कुटलं?"

मी पायरीवर जाऊन बघितलं. तिथून आपल्या पुढ्यात येतं ते बुडख्याजवळचंच. माझं फळ त्याच्या मागे होतं. मी मात्र वेलाच्या बाजूनं बोलत होते. वेल जिकडे जातो तिकडे त्याचं पुढं, अशी माझी समजूत. शब्द एकच होता, आणि दोघींनी तो अगदी बरोबर वापरला होता. ज्या एका बोटानं हा घोळ मिटला असता ते मी वाकवून ठेवलं होतं.

"मला वाटलं, मुळाजवळचं फळ जास्त खत खातंय, म्हणून तू ते म्हणालीस," आई म्हणाली. मग थोड्या वेळानं, "तू बोललीस कुटं नीट? कोपर हलवलंस निस्तं."

मी "असू दे" म्हटलं आणि आत गेले. जेवायला बसले तेव्हा ताटात पिवळसर भाजी होती, मेथीचे दाणे आणि गुळाची. आईनं ती माझ्यासाठी फ्रीजमध्ये ठेवली होती. मला कळलं की ती कशाची आहे. काकू भिंतीवरून विचारत होत्या, "खाल्लीस का गं? काय गोड होती! लोण्यासारखी." मी खाल्ली. चांगली होती.

त्यानंतर नऊ दिवस मी वेलाकडे फिरकले नाही. टेप ड्रॉवरमध्ये होती. भांडण झालं नाही. आमच्याकडे भांडण होत नाही, माणसं आपापल्या खोलीत जास्त वेळ बसतात. खिडकीतून मला दिसायचं, आई सकाळी बादली ओतायची, मग आणखी एक ओतायची, मग वाकून फळाच्या देठाकडे बराच वेळ बघायची. पप्पांनी एकदा जेवताना विचारलं, "काय म्हणतो भोपळा?" तर आईनं भाकरी पुढे केली आणि मी पाण्याचा तांब्या. त्यांनी चटणी मागितली.

दहाव्या दिवशी आई माझ्या खोलीच्या दारात आली. मी मीटिंगमध्ये होते. ती थांबली. संपल्यावर म्हणाली, "देठापाशी वेल उचलायलाय. मुळ्या ताणल्यात. काय करायचं ते तुलाच ठाऊक."

मी गेले. खरंच, फळ कळशीएवढं झालं होतं आणि बुडख्याजवळचा वेल जमिनीपासून चार बोटं वर उचलला गेला होता. त्याच्या बाजूच्या मुळ्या कापून वेल मोकळा करायला हवा होता, आणि वेलाला हळूहळू, रोज थोडं, कमानीसारखं वळवायला हवं होतं. एकदम वळवलं तर मोडतो. मी मुळ्या कापल्या. आईनं दोन्ही हातांनी वेल धरला. तिचे हात अशा कामात कधी घाई करत नाहीत. पंधरा दिवस रोज सकाळी आम्ही तो बोटभर वळवत होतो. बोलणं कामापुरतंच. "तुझ्याकडे." "बास." "आता सोड." या काळात मी उजवं-डावंसुद्धा स्पष्ट म्हणायला लागले, हे माझ्या लक्षात आलं होतं.

फळ वाढलं. रोज टेप थोडी पुढे सरकायची. शिवणाची टेप साठ इंचाला संपते, आणि ती पुरेनाशी व्हावी अशी माझी इच्छा होती. डिसेंबरात थंडी पडली आणि पानांवर पीठ शिंपडल्यासारखी भुरी आली. काकूंनी ताक फवारायला सांगितलं, मी फवारलं. पानं तरी एकामागून एक गेलीच. पानं गेली की फळ वाढत नाही. टेपचा पूर्ण वेढा बसून वर चार बोटं टेप उरत होती, तिथे ते थांबलं. आठवडाभर मी रोज मोजलं. चार बोटं ती चार बोटंच राहिली.

माझं फळ असतं तर किती झालं असतं, याचा हिशेब मला येत होता. वहीत दोन्ही फळांचे आकडे शेजारीशेजारी होते. मी तो केला नाही.

जानेवारीतल्या एका रविवारी पप्पा घरी होते. देठ वाळला होता. मी तो कापला. पप्पा पायरीवर चहा घेऊन बसले. काकू भिंतीशी होत्याच. आईनं पदर खोचला.

"हळू," पप्पा म्हणाले. "नाही जमलं तर सोड."

आई फळाच्या दोन्ही बाजूंना पाय रोवून खाली बसली, हात बुडाखाली सरकवले आणि थोडा वेळ तशीच थांबली. तिनं एकदा माझ्याकडे बघितलं. मग ती उठली. फळ तिच्या पोटाशी होतं. खाली कडब्यावर त्याचा गोल ठसा दिसत होता.

"अव्वाऽऽ! उचललं की!" काकू ओरडल्या.

आई चार पावलं चालली, पायरीपर्यंत. तिथे पोचल्यावर थांबली. तिच्या मानेच्या शिरा वर आल्या होत्या. उचललं होतं खरं, पण आता वाकता येत नव्हतं. पप्पा कप ठेवून उठायला लागले तशी ती म्हणाली, "तुमी बसा. पाट धरंल तुमची." आणि माझ्याकडे वळून, "धर की गं! बघत काय हुबी राह्यलीस?"

मी धावले आणि समोरून हात घातले. एवढं जड काही मी त्याआधी धरलं नव्हतं. आमच्या दोघींची तोंडं एकमेकींच्या अगदी जवळ आली होती, मध्ये ते डांगर. "आधी तुझी बाजू टेकव," मी म्हटलं. तिनं टेकवली. मग मी टेकवली.

"उचललं एकीनं आणि ठेवलं दोघींनी," पप्पा म्हणाले. "याचा निकाल काय लावायचा?"

काकूंचं मत होतं की चार पावलं चालली म्हणजे आई जिंकली. पप्पांचं मत होतं की खाली ठेवता आलं नाही तर ते उचलणं धरायचं नाही. वजन करावं असं ठरलं. आमच्याकडे माणसांचा वजनकाटा आहे. पण फळ घेऊन त्यावर उभं राहायचं आणि मग स्वतःचं वजन वजा करायचं, हे ऐकल्यावर आईनं साफ नकार दिला. "माझं वजन अख्ख्या कॉलनीला सांगायचं व्हय?" त्यामुळे वजन कळलं नाही.

दुपारी आईची कंबर धरली. ती पालथी पडून राहिली आणि मी तिच्या पाठीला बाम चोळत बसले. पप्पा दारातून म्हणाले, "मग काय, झाला का तुझ्या मनासारखा?"

अशा वेळी मी नेहमी "हो, छान झाला" म्हणते. त्यानं विषय संपतो.

"नाही," मी म्हटलं. "चारच बोटं कमी पडली. मी सांगितलं होतं ते ठेवलं असतं तर झाला असता."

आईचं तोंड उशीत होतं. मला वाटलं, तिला ऐकू गेलं नसावं. मी हात थांबवला.

"व्हय," ती उशीतूनच म्हणाली. "झालं असतं. रोज मोजायची तू, म्या न्हाय. विचारायला पाहिजे हुतं मी परत."

मी पुन्हा चोळायला लागले.

"जरा खाली," ती म्हणाली. "डावीकडं. हां, तितं."